पन्हा 31 इंच

फॅशन डिझाइन शिकणाऱ्या मुलीच्या घरच्यांना विचारा, शेवटच्या वर्षी काय असतं? ‘शो असतो,’ हे उत्तर ठरलेलं. शो असतोच. मॉडेल चालून जातात, शेवटी मुलगी येऊन नमस्कार करते, मामा मोबाइलवर सगळं टिपतो. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला येणारा रॅम्पवरचा वेळ जेमतेम काही मिनिटांचा. त्या मिनिटांसाठी जे सहा महिने जातात ते कुणी टिपत नाही, कारण त्यात बघण्यासारखं फारसं नसतं. जमिनीवर पसरलेला मांजरपाट, तोंडात धरलेल्या टाचण्या आणि मास्टरला पुन्हा पुन्हा लावलेला फोन.

या सहा महिन्यांच्या कामाला फायनल कलेक्शन म्हणतात. कलेक्शन म्हणजे छान दिसणारे सुटे कपडे नव्हेत. एका कल्पनेतून निघालेले, एकमेकांचे भाऊबंद वाटतील असे पोशाख. किती, ते संस्थेगणिक बदलतं, पाच-सहापासून दहापर्यंत. आधीच्या वर्षांत चित्र, वस्त्रशास्त्र, पॅटर्न, शिवण, हिशेब हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवलेले असतात. इथे ते सगळे एकाच वेळी अंगावर येतात. आणि त्यातला कोणता विषय सगळ्यांत भारी पडतो, हे समजून घ्यायचं तर डिलाईल रोडवर जाणं बरं.

डिलाईल रोड कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. गिरणी कामगारांची संघटना बांधणाऱ्या, त्यांच्यासाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणाऱ्या नारायण मल्हार जोशींचं नाव रस्त्याला देऊन बराच काळ लोटला, तरी टॅक्सीवाल्याला सांगताना आपण डिलाईल रोडच म्हणतो. या रस्त्याला लागून अपोलो, मफतलाल, मथुरादास अशा मिल होत्या. रेल्वेच्या पलीकडे, आजच्या सेनापती बापट मार्गाच्या अंगाला, फिनिक्स, कमला, ज्युपिटर, एल्फिन्स्टन. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, पुढे मिल कशा बंद पडत गेल्या ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीने मिलच्या जमिनी मोकळ्या करायची वाट करून दिली, आणि तिथे कार्यालयांचे मनोरे आणि मॉल आले. ज्युपिटर मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वन इंडियाबुल्स सेंटरमध्ये 2013 साली इंडियन स्कूल ऑफ डिझाइन अँड इनोव्हेशन ही संस्था सुरू झाली, तीही न्यूयॉर्कच्या पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइनच्या सहकार्याने. ज्या आवारात कापड विणलं जायचं, तिथेच कापडाचं पुढे काय करायचं याचे वर्ग भरू लागले.

मधल्या तीस वर्षांत एक गोष्ट मात्र गळून पडली. मिलमध्ये कापूस गाठीतून निघाला की ब्लो रूम, कार्डिंग, त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं, वायंडिंग, साचे म्हणजे माग, रंग आणि शेवटी घडी खातं असा त्याचा प्रवास व्हायचा. प्रत्येक खात्यातल्या माणसाला आपल्यापुरतं कापड बोटांनी कळत असे. सूत कोरड्या हवेत तुटतं म्हणून साचे खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. तुटू नये म्हणूनच ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावत. आज डिझाइन शिकणाऱ्या मुलीला कापड भेटतं ते थेट मंगलदास मार्केटात, तागा होऊन. त्याच्या आधीचं सगळं तिला पुस्तकातून किंवा चुकांतून शिकावं लागतं.

पूर्वी हे ज्ञान मुंबईत तीन ठिकाणी वाटलेलं होतं. कापड कसं तयार होतं ते व्हीजेटीआयमध्ये शिकायचं. 1887 साली भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था 1923 मध्ये माटुंग्याला गेली, आणि तिथून बाहेर पडलेले तंत्रज्ञ मिलच्या खात्यांवर जात. कापडावर काय काढायचं ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आणि कापडाचं काय शिवायचं? ते शिंप्याच्या दुकानात, उस्तादाच्या हाताखाली, बहुतेक वेळा वहीपेन्सिलीशिवाय. या तिघांची गाठ क्वचितच पडे. कोल्हापुरात 1929 साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथय्या, जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या. इंग्रजी मासिकांसाठी पोशाखांची चित्रं काढता काढता ते पोशाख प्रत्यक्ष शिवून घेण्याकडे वळल्या, तिथून चित्रपटात गेल्या आणि ‘गांधी’साठी 1983 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांना फॅशनचं कॉलेज मिळालं नाही, कारण ते नव्हतंच. कागदावरच्या रेषेपासून शिंप्याच्या कात्रीपर्यंतचा रस्ता त्यांनी काम करता करता शोधला. निफ्ट ही सरकारी संस्था दिल्लीत 1986 मध्ये निघाली, तिचं मुंबई केंद्र 1995 मध्ये. ते आता खारघरला आहे. जुहूच्या आवारातलं एसएनडीटीचं पॉलिटेक्निक, चर्चगेटचं निर्मला निकेतन ही त्याच वाटेवरची आणखी नावं. तीन ठिकाणचं शहाणपण एका छपराखाली आणायचं, हा या सगळ्यांचा उद्देश. तो किती साधला याची झडती फायनल कलेक्शनमध्ये होते.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. ती कल्पनेतली आहे, तिच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधलेल्या या चाळी. वरळीला 121, नायगावला 42, शिवडीला 12 आणि इथे 32. तळमजला अधिक तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. आता पुनर्विकास चालू आहे, नवं घर 500 चौरस फुटांचं मिळायचं आहे. तोवर कलेक्शन 160 चौरस फुटांत व्हायचं. खोलीत पलंग, कपाट, फ्रिज आणि चार माणसं असताना साडेतीन मीटर कापड सरळ पसरायचं कुठे? त्याचं उत्तर, रात्री साडेदहानंतर बोळात. लादी पुसून, वर जुनी चादर अंथरून.

तिचा विषय आहे खण. आधी तिच्या मनात ‘गिरणगाव’ होतं. विटांचा लाल, चिमणीचा करडा, गंजाचा तपकिरी असा मूडबोर्ड तिने केलाही होता. मूडबोर्ड म्हणजे चित्रं, कापडाचे तुकडे, रंगाच्या पट्ट्या एकत्र चिकटवलेला फलक. कलेक्शनची दिशा ठरवायला तो करतात. मला या फलकांविषयी फारसं प्रेम नाही. पडक्या मिलचे फोटो काढून त्यांतले रंग उचलणं म्हणजे गिरणगाव समजणं नव्हे. तिच्या मार्गदर्शक बाईंनीही तेच विचारलं, ‘यातला कपडा कुठे आहे?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. घरी आजीच्या ट्रंकेत मात्र होतं. त्रिकोणी घडीतले, काठाचे, न शिवलेले खण.

खणाचं कापड येतं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून, आणि वापरलं जातं ते प्रामुख्याने महाराष्ट्रात, चोळीसाठी. परंपरेने ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि नक्षीसाठी ताण्यातच जादा धागे. म्हणून नक्षीच्या ओळी कापडाच्या लांबीत उभ्या धावतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 31 इंच. चोळीला एवढा पुरतो. काठ बाहीच्या कडेला येतो, उरलेल्यातून पाठ आणि छाती निघते. कापडाची रुंदी त्यातून होणाऱ्या कपड्याच्या मापाने ठरलेली होती.

आपल्या विद्यार्थिनीने चित्रात काढला आहे पायघोळ अंगरखा, घेर चांगला मोठा. तिने हिशेब केला तो बाजारात नेहमी मिळणाऱ्या 44 इंच पन्ह्यावर, आणि कापड लागलं अडीच मीटर. आता 31 इंचांवर तेवढंच क्षेत्रफळ भरायचं तर साडेतीन मीटरहून थोडं जास्त हवं. पण कपडा क्षेत्रफळाने कापला जात नाही, तुकड्यांनी कापला जातो. तिच्या मागच्या भागाचा घेरच 38 इंच आहे. तो 31 इंचांत बसणार कसा? मध्ये जोड द्यावा लागेल, आणि जोड दिला की नक्षीच्या उभ्या ओळी जुळवाव्या लागतील. एक धागा इकडचा तिकडे झाला तरी तीन हातांवरून दिसतो.

इथे दोन वाटा फुटतात. यंत्रमागावर विणलेलं, खणासारखं दिसणारं रुंद कापड आता सर्रास मिळतं. खणाच्या साड्या अलीकडे घरोघरी आल्या त्या बऱ्याचशा त्याच्याच. ते घेतलं तर चित्र आहे तसं उतरतं. दुसरी वाट, हातमागाचा अस्सल खण घ्यायचा आणि चित्र बदलायचं. मला विचाराल तर कलेक्शन खऱ्या अर्थाने सुरू होतं ते या फाट्यावर. मोठा घेर हवाच असेल तर तो कळ्यांनी आणता येतो. अरुंद, खाली रुंदावत जाणारे उभे तुकडे, शेजारी शेजारी जोडलेले. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्यांचा घेर असाच कळ्यांचा. एक कळी डोक्याकडून आणि दुसरी पायाकडून अशी उलटसुलट मांडली की अरुंद पन्ह्यात त्या एकमेकींत बसतात आणि कातरण जवळजवळ निघतच नाही. तयार कपड्यांच्या उद्योगात कापणीत साधारण 15 टक्के कापड वाया जातं असा अंदाज नेहमी दिला जातो. आज परदेशी कॉलेजांत ‘झिरो वेस्ट’ नावाने जे शिकवतात, ते 31 इंच पन्ह्याने शिंप्यांना सक्तीने शिकवलं होतं.

एक अडचण मात्र राहते. दोन कळ्या उलटसुलट कापल्या की एकीवरची नक्षी उलटी होते. खणावरची बरीच नक्षी बुंदकीसारखी, वरून-खालून सारखीच दिसणारी असल्यामुळे ते खपून जातं. पण तिने निवडलेल्या खणात छोटी तुळशी वृंदावनं निघाली तर? मग कापड वाया घालवायचं, की वृंदावन उलटं लावायचं? यावर मार्गदर्शक बाई एक सांगतील, आजी दुसरं, आणि बरोबर बहुधा आजी असेल.

कापड ठरलं तरी कात्री लगेच लावायची नसते. आधी मांजरपाट. मूळ कापड महाग, म्हणून कपड्याची पहिली आवृत्ती स्वस्त कोऱ्या सुती कापडात शिवून बघतात. तिला टॉइल म्हणतात. एका पोशाखाच्या दोन-तीन टॉइल होणं रोजचंच. शेवटच्या सत्रात मांजरपाट ताग्याने आणला जातो तो यासाठी.

बोळात पसरलेला मांजरपाट ओलांडताना शेजारचे काका थबकतात. उमेदीची वर्षं ते घडी खात्यात होते. ‘पोरी, धुतलास का हा आधी?’

‘नाही काका. कोराच आहे.’

‘मग माप कसलं घेतेस? खळ आहे त्यात. पाण्यात गेला की आटेल, आणि कडकपणाही जाईल. तुला वाटेल कपडा उभा राहतोय. उभी खळ राहतेय.’

हे कुठल्याही वस्त्रशास्त्राच्या पुस्तकात सापडेल, पण पुस्तकात ते ‘कापडावरील प्रक्रिया’ या प्रकरणात असतं आणि टॉइल ‘पॅटर्न’च्या तासाला. दोघांची गाठ बोळात पडली.

धुतलेल्या मांजरपाटाची टॉइल डमीवर चढली की कापड बोलायला लागतं. छातीच्या टोकापासून कमरेकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या तर डार्ट चुकलाय. डार्ट म्हणजे सपाट कापडाला अंगाची गोलाई देण्यासाठी घातलेली निमुळती चूण. पाठीवर मानेखाली आडवी घडी आली तर मानेपासून कमरेपर्यंतची लांबी जास्त झाली. बगलेत ताण आला तर बाहीचा गोल आणि मुंढा यांचं जमत नाही. यातली प्रत्येक दुरुस्ती आधी टॉइलवर पेन्सिलने होते, मग कागदाच्या पॅटर्नवर, मग पुन्हा नव्या मांजरपाटावर. माप आणि कपडा यांत थोडी ढील ठेवावी लागते. 34 इंच छातीचा कपडा 34 इंचांचाच शिवला तर घालणारीला हात वर करता येणार नाही. ही ढील किती, यात शिवणाऱ्याचं कसब दिसतं. दोन इंच कमी पडतात आणि चार इंच जास्त होतात अशी तिची जात आहे.

त्याहून अवघड, धाग्याची दिशा. कापड उभ्या धाग्यात टांगलं तर सरळ पडतं, आडव्यात जरा फुगतं, आणि उरेब कापलं, म्हणजे 45 अंशांत, तर ताणतं आणि अंगावरून ओघळतं. उरेब कापाची सगळ्यांत मोठी जाणकार पॅरिसची मादलेन व्हियोने. 1912 मध्ये तिने स्वतःचं दुकान काढलं आणि 1920-30च्या दशकांत उरेब कापडाचे असे कपडे केले की त्यांचे पॅटर्न आजही कॉलेजांत उलगडून पाहतात. ती काम करायची ते निम्म्या मापाच्या लाकडी बाहुलीवर. छोट्या बाहुलीवर कापड लावून बघायचं, जमलं की दुप्पट करायचं. 160 चौरस फुटांत राहणाऱ्या मुलीला ही युक्ती फार कामाची आहे. निम्म्या मापाची डमी ट्रंकेवर मावते, आणि मांजरपाट लागतो एक चतुर्थांश.

खण उरेब कापावा का? कापून बघावा, पण मांजरपाटात नव्हे. रेशमी ताणा आणि सुती बाणा तिरक्यात सारखे ताणत नाहीत. मांजरपाट जे वचन देतो ते खण पाळेलच असं नाही. म्हणून शहाणी मुलगी खणाचा हातभर तुकडा उरेब कापते, खाली वजन लावून दोन दिवस टांगून ठेवते आणि मग मोजते.

पॅटर्न झाला, आता हात लागतात दुसऱ्यांचे. या टप्प्याबद्दल शोच्या माहितीपत्रकात एक ओळही नसते. कॉलेजचा नियम काहीही असो, सगळे पोशाख पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने शिवणारे विद्यार्थी थोडे. बाकीच्यांना कटिंग मास्टर लागतो, शिलाईचा कारागीर लागतो, भरतकाम असेल तर अड्डा लागतो. लोअर परळच्या औद्योगिक गाळ्यांत, धारावीत, कुर्ल्यात असे अड्डे आहेत. लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं, भोवती मांडी घालून कारागीर, बरेचसे बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. नक्षी कापडावर उतरवतात ती खाक्यावरून. जाडसर पारदर्शक कागदावर चित्र काढायचं, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवायची. ठिपक्यांची रेषा खाली उमटते, मग आरीने टाके. विद्यार्थिनीने संगणकावर केलेली नाजूक छटा खाक्यात उतरत नाही, रेषाच उतरते. हे तिला तिथे गेल्यावर कळतं.

मार्च-एप्रिलात मास्टर मिळणं मुश्कील असतं. लग्नसराई चालू, ब्लाउजांचे ढीग पडलेले. त्यात ही पोरगी येऊन सांगते की कळ्यांच्या जोडावर नक्षी जुळली पाहिजे. मास्टर मान डोलावतो आणि नेहमीच्या सवयीने शिवून टाकतो. दोष कुणाचा? माझ्या मते बहुतेक वेळा मुलीचा. तोंडी सांगितलेलं काम तोंडीच राहतं. कपड्याचं सपाट तांत्रिक चित्र, शिवणीला किती कापड सोडायचं, कोणता टाका, कुठे अस्तर, जोडावर नक्षी कशी यावी, हे कागदावर मापांसह दिलं तर मास्टर ते पाळतो. या कागदाला स्पेक शीट म्हणतात आणि ती भरायचा विद्यार्थ्यांना मनापासून कंटाळा असतो. गिरणीत एका खात्यातून दुसऱ्यात माल जायचा तेव्हा सोबत चिठ्ठी जायची. इथे खाती म्हणजे ती स्वतः, मास्टर आणि अड्डा.

परदेशातली उदाहरणं इथे अनेकदा चुकीच्या कारणासाठी दिली जातात. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्सच्या अॅलेक्झांडर मॅक्वीनने 1992 मध्ये पदव्युत्तर पदवीचं कलेक्शन केलं आणि फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी ते अख्खं पाच हजार पौंडांना, हप्त्याहप्त्याने विकत घेतलं, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते. प्रतिभा असेल तर जग पायाशी येतं, असा तिचा अर्थ काढतात. पण मॅक्वीन कॉलेजात येण्याआधी सॅव्हिल रोच्या शिंप्यांकडे उमेदवारी करून आला होता, सोळाव्या वर्षापासून. कोट उलटा करून आतून कसा बांधलाय हे त्याला चित्र काढण्याआधी माहीत होतं. त्याच कॉलेजच्या हुसेन चालायानने 1993 मध्ये कपडे लोखंडाच्या किसाबरोबर बागेत पुरून, गंजलेले बाहेर काढून दाखवले. तीही लहर नव्हती. लोखंड, ओल आणि कापड यांचं काय होतं याचा तो प्रयोग होता. आपल्याकडे राहुल मिश्रा 2006 मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये आला तो केरळच्या हातमागाचं कापड घेऊन, आणि 2014 मध्ये मिलानला वुलमार्क पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय ठरला. मुंबईत काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनी खणासह देशातली हातमागाची कापडं सातत्याने वापरली आणि 2021 मध्ये त्या पॅरिसच्या उच्च फॅशनच्या सप्ताहात पोचल्या. या सगळ्यांच्या कामात कापड आधी आहे, कल्पना त्यातून वर आलेली.

आता पैसा. कॉस्टिंग शीट हा कलेक्शनचा सगळ्यांत अप्रिय कागद. एक अंगरखा घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. खण 4 मीटर, 500 रुपयांनी, 2,000. अस्तर 250. मांजरपाट 360. पॅटर्नचे 1,500. कटिंग आणि शिलाई 1,200. भरतकाम 40 तास, तासाला 100, म्हणजे 4,000. बटणं, झिप, दोरा, फ्युजिंग 300. बेरीज 9,610. असे सहा पोशाख म्हणजे 57,660. वर फोटो, मॉडेल, चपला, दागिने आणि येण्याजाण्याची टॅक्सी. टॅक्सी विनोदाने लिहिलेली नाही. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला तो नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण खुला झाला. तोवर डमी आणि कपड्यांच्या पिशव्या घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे मोठा वळसा होता.

या तक्त्यात बघण्यासारखी गोष्ट अशी, की कापडापेक्षा भरतकाम दुप्पट आहे. विद्यार्थी खर्च वाचवायला स्वस्त कापड शोधत हिंडतात. खरी बचत एका खांद्यावरची नक्षी कमी करण्यात असते. खण स्वतःच नक्षीदार आहे, त्यावर आरीकाम हवंच कशाला? जाणकार परीक्षक हे पहिल्या दोन मिनिटांत विचारतात. आणि त्यानंतर विचारतात, ‘असे 50 नग करायचे झाले तर कितीला पडेल?’ मुलगी 9,610 म्हणते आणि फसते. पॅटर्न आणि मांजरपाट हा एकदाच होणारा खर्च आहे, 1,860चा. तो 50 नगांत वाटला की नगामागे 37 रुपये आणि काही पैसे. उरलेले 7,750 मिळवले की नग पडतो 7,787 रुपयांना. त्यावर तिचा नफा, दुकानदाराचा नफा असं करत दुकानातली किंमत उत्पादनखर्चाच्या तिप्पट-चौपट सहज होते. तेवढ्याला हा अंगरखा कोण घेईल, आणि 50 नगांना लागणारे 200 मीटर खण हातमागावर किती दिवसांत विणून होतील? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळेदगुड्डला विचारल्याशिवाय मिळत नाही. ज्या मुलींनी शेवटच्या सत्रात एकदा तरी विणकराला फोन केलेला असतो, त्या परीक्षकांसमोर गप्प बसत नाहीत.

ज्यूरी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोरचं सादरीकरण, शोच्या आधी होते आणि गुण तिथेच ठरतात. टेबलावर संशोधनाची वही, नाकारलेली चित्रं, कापडाचे नमुने, टॉइल, स्पेक शीट, कॉस्टिंग, आणि शेजारी तयार पोशाख. चांगले परीक्षक वही मागून पुढे चाळतात. 44 इंचांवरचं पहिलं चित्र आणि 31 इंचांवरचा शेवटचा अंगरखा यांच्यामध्ये काय काय सोडून दिलं, हे त्यांना बघायचं असतं. मग उठून पोशाख हँगरवरून काढतात आणि उलटा करतात. आतली शिवण नीट मिटवली आहे का, अस्तर कळ्यांबरोबर ओढलं जातंय का, जोडावर नक्षी कुठे सुटली.

शो झाल्यावर यातले बहुतेक पोशाख विकले जात नाहीत. स्वतःचं लेबल काढणाऱ्या मुली मोजक्या. एसएनडीटीतून शिकून 2009 मध्ये लॅक्मे फॅशन वीकच्या जेन नेक्स्ट या नवोदितांच्या शोमध्ये आलेल्या मसाबा गुप्तांसारखी वाट सगळ्यांना मिळत नाही. बाकीच्या निर्यातदारांकडे मर्चंडायझर होतात, मालिका-चित्रपटांच्या वेशभूषा विभागात जातात, तयार कपड्यांच्या मोठ्या कंपन्यांत डिझाइन सहायक होतात. काहींना भरतकामाच्या कारखान्यांत काम मिळतं. मुंबईच्या चाणक्यसारखा कारखाना दिओरसाठी काम करतो, आणि मार्च 2023 मध्ये दिओरने गेटवे ऑफ इंडियापुढे शो केला तेव्हा त्यातलं भरतकाम याच शहरात झालेलं होतं. अशा ठिकाणी नोकरीच्या मुलाखतीला जाताना आपली विद्यार्थिनी रॅम्पवरचे फोटो नेतेच, पण सोबत कळ्यांचा कागदी पॅटर्न, स्पेक शीट आणि अंगरखाही पिशवीत घालते. मुलाखत घेणाऱ्या बाई फोटो बाजूला ठेवतात आणि पॅटर्न टेबलावर पसरून विचारतात, ‘पन्हा किती होता?’